काढून टाकलेला नंबर

कारखान्यात माझी सगळी नोकरी तपासणी विभागात गेली. एखादा भाग नापास करायचा तर तो दोनदा मोजायचा, हा तिथला नियम. निवृत्त झालो आणि टाउनशिपच्या मराठी मंडळाचा मोबाइलवरचा ग्रुप सांभाळायला माझ्याकडे आला. तिथे असा काही नियम नव्हता.

माझे एक जुने सहकारी वारले. दोनेक महिन्यांनी त्यांच्या नंबरवरून ग्रुपवर संदेश येऊ लागले. आधी नुसता 'क'. मग 'कमळ'. मग 'पाणी आले का'. एकदा कुठल्याशा जाहिरातीची लिंक आली. मी ठरवूनच टाकलं की नंबर कुणा लबाड माणसाच्या हाती लागलाय.

मंडळाच्या चिटणीस बाईंचा फोन आला. "एकदा त्या नंबरवर बोलून बघा ना."

"त्यात बोलायचं काय? पक्कं आहे," मी म्हणालो. "उद्या कुणी फसलं तर जबाबदार कोण?"

नंबर काढला. वर सगळ्यांना सावध करणारी सूचना लिहिली. तिच्याखाली भराभर अंगठ्यांची चित्रं आली आणि माझी खात्री आणखी वाढली. त्यातल्या एकानेही काही तपासलेलं नव्हतं, हे तेव्हा सुचलं नाही.

हिवाळ्यात अयोध्या नगरच्या भाजीबाजारात त्या सहकाऱ्यांच्या पत्नी भेटल्या.

"भाऊजी, माझ्याकडून काहीतरी भलतंच दाबलं गेलं वाटतं," त्या म्हणाल्या. "ह्यांचा फोन आता मीच वापरते. नात त्यावर मराठी लिहायला शिकवत होती. पण ग्रुपवर आता लिहिताच येत नाही."

"वहिनी, चूक तुमची नाही. मीच काढलं तुम्हाला." का काढलं, तेही सांगितलं.

त्यांनी मेथीची जुडी पिशवीत ठेवली. "एक फोन करायचा होतात. मी उचलला असता."

घरी येऊन त्यांना परत ग्रुपवर घेतलं, आपली सूचना चुकीची होती असंही लिहिलं. त्यावर दोघंच काय ते बोलले. वहिनी ग्रुपवरचं सगळं वाचतात, पण पुन्हा त्यांनी एक अक्षर लिहिलं नाही. मंडळात भेटल्या की माझ्याशी नीट बोलतात.

चिटणीस बाईंनी मला कधी टोकलं नाही. पुढच्या महिन्यात मीच ग्रुप त्यांच्याकडे सोपवला.