सकाळी काय खाल्लं?

माणसाच्या डोक्यात काय शिल्लक राहील ते त्याच्या ताटावरून ठरतं, या एका गोष्टीवर आमच्या साडभाऊंचा जेवढा विश्वास होता, तेवढा आख्ख्या वर्धा जिल्ह्यात कोणाचा देवावरही नसेल. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. देवळीच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, ते कापसाचे ग्रेडर होते. चिमूटभर कापूस दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचा, धागा किती लांब निघतो ते बघायचं आणि निकाल द्यायचा, हे त्यांचं काम. ऐंशी सालाच्या आसपास हा निकाल ते माणसांनाही द्यायला लागले. मी वर्ध्याला मास्तर, आणि जन्माचा विसराळू. एकदा त्यांच्याकडे छत्री विसरलो म्हणून अर्ध्या रस्त्यातून परत गेलो, तर छत्री पाठीमागे लपवून त्यांनी विचारलं, "मास्तर, सकाळी काय खाल्लं?" मी म्हटलं, पुरी-भाजी. "वनस्पती तुपातली?" हो. "मंग बरोबर हाय. तुमचा धागा आखूड होऊन राह्यला." छत्री मिळाली, पण त्याआधी त्यांच्यासमोर उभं राहून चार अक्रोड खावे लागले. पुरी सोडायला मी तयार नव्हतो आणि अजूनही नाही, हे इथेच सांगून टाकतो.

त्यांचं सगळ्यात मोठं औषध म्हणजे जवसाची चटणी. खिशात कायम एक पितळी डबी. साखर, मैदा, शिळं तळण यांना घरात बंदी. भिजवलेले बदाम, शेवग्याचा पाला, हिरव्या भाज्या आणि ज्वारीची भाकर यांना मानाचं पान. वर्ध्याच्या एसटीत एकदा कंडक्टर एका म्हाताऱ्याच्या गावाला घंटी मारायचं विसरला. म्हातारा ओरडतोय, कंडक्टर ड्रायव्हरला दोष देतोय, आणि आमचे साडभाऊ गर्दीतून वाट काढत कंडक्टरपाशी जाऊन शांतपणे विचारतात, "भाऊ, सकाळी काय खाल्लं?" कंडक्टरने उपाशीच आलो म्हणून सांगितलं, तेव्हा उरलेला रस्ता त्याला बदाम खात ऐकून घ्यावं लागलं. त्या भरात घंटी मारायची राहून आणखी एक गाव मागे पडलं ते वेगळंच. जाम गावच्या एका लग्नात तर कहर झाला. पंगतीत बुंदी वाढून झाल्याबरोबर साडभाऊ डबी घेऊन उठले आणि ओळीने प्रत्येकाच्या बुंदीवर चिमूट-चिमूट जवसाची चटणी टाकत गेले. वरपक्षाला वाटलं, हा मुलीकडचा कुळाचार असेल. सगळ्यांनी मुकाट्याने खाल्लं. नवरदेवाच्या मामांनी तर जाताना विचारलं, "हे तुमच्यात लेकीच्याच लग्नात करतेत का पोराच्याबी?" पुढे दोन वर्षांनी त्या मामांच्या घरच्या लग्नात आठवणीने जवसाची चटणी वाढल्याचं मी स्वतः पाहिलं आहे.

कोणी विचारलं तर म्हणायचे, "मलेच लय विसर पडून राह्यला, म्हणून हे सारं." भाजीत दोनदा मीठ पडलं की, "मीच टाकलं." फणी पिठाच्या डब्यात सापडली की, "मीच ठेवली असन." आम्ही हसायचो. जो माणूस वीस वर्षांपूर्वीच्या कापसाची प्रत सांगतो तो फणी पिठात ठेवतो, यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. मग एकदा ताई बाजारातून परतताना जुन्या भाड्याच्या घरी जाऊन दुसऱ्याच्या चुलीपुढे बसल्या, आणि साडभाऊ मला म्हणाले, "मास्तर, डाक्टरकडे संगं येजा." तेव्हा कुठे माझ्या आखूड धाग्याच्या डोक्यात प्रकाश पडला. ते सगळे बदाम, सगळे अक्रोड ताईंसाठी होते. त्यांना एकटीला वेगळं वाटू नये म्हणून या माणसाने आख्ख्या गणगोताला पथ्यावर बसवलं होतं.

वर्ध्याचा डॉक्टर तरुण होता. त्याने ताईंना सध्या महिना कोणता ते विचारलं, मुलं किती ते विचारलं. उत्तरं अडखळत आली. मग विचारलं, "यजमानांचं नाव काय?" ताईंनी पदर पुढे ओढला आणि गालातल्या गालात हसल्या. त्याने पुन्हा विचारलं. ताई मला म्हणाल्या, "हा डाक्टर भलता वाह्यात हाय." डॉक्टरने कागदावर लिहिलं, नवऱ्याचं नाव आठवत नाही. झालं! साडभाऊ ताडकन उठले. "आठवत नाई असं नाई, घेत नाई! चाळीस वर्सांत लग्नातल्या उखाण्याबगर घेतलं नाई, अन् तुमच्यासमोर काऊन घेईन थे?" डॉक्टरने बिचाऱ्याने कागद फाडला. मग समजावून सांगितलं की तुमचा आहार चांगलाच आहे, चालू ठेवा, पण गेलेलं परत आणील असं अन्न नाही. साडभाऊंनी पितळी डबी काढून त्याच्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, "डाक्टर, तुमी सकाळी काय खाल्लं?"

त्यानंतर जेवू घातलं की ते रोज ताईंना म्हणायचे, "माझं नाव घे ना वं." ताई पदर ओढायच्या. साडभाऊ खूश. "लाजते म्हणजे वळखते, मास्तर," असं मला पुन्हा पुन्हा सांगायचे. ताईंच्या मुलांची नावं गेली, माझ्या बायकोचं गेलं, लहानपणच्या मैत्रिणींची तेवढी राहिली. पण पदर पुढे यायचा तोवर साडभाऊंना कशाची तक्रार नव्हती.

एका दुपारी मी देवळीला गेलो. साडभाऊ ताईंना दही-भाकर आणि चटणी भरवत होते. ताईंनी घास गिळला, त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि पदराला हातही न लावता, आडनावासकट त्यांचं पूर्ण नाव खणखणीत घेतलं. "आमच्या यायले पाह्यलं का, भाऊ?" त्यांनी साडभाऊंनाच विचारलं. "जिनिंगातून आले नाई अजून. जेवाचे हायेत."

साडभाऊंचा हात तसाच राहिला. मग ते अगदी परक्या बाईशी बोलावं तसं अदबीने म्हणाले, "येतेतच बाई. रस्त्यातच हायेत. तुमी जेवून घ्या."

ताईंनी मान डोलावली. साडभाऊ माझ्याकडे वळले. डोळे भरले होते, पण आवाज घट्ट होता.

"मास्तर, नाव बरोबर सांगतलं ना?"

"अगदी बरोबर," मी म्हटलं.

आणि त्यांनी पुढचा घास केला.