साहेबांच्या बाळाची दुपटी

"तुझा नवरा बाळाला काय मस्त झोपवतो गं! घरी पण तोच सांभाळत असेल. तुझी तर मौज आहे."

माधवनगरच्या बंगल्यात नवऱ्याच्या साहेबांची बायको मला असं म्हणाली आणि हसली. मी मागच्या दारात उभी. अंगात बाळंतपणाचा ताप, काखेत माझं पोर. पाणी भरायला उठवत नव्हतं, म्हणून नवऱ्याला बोलवायला आले होते. तो सरकारी चपराशी. मला वाटायचं, दफ्तरात फायली उचलत असेल. तो नळापाशी बसून साहेबांच्या बाळाची दुपटी धूत होता. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधलेली.

माझं पोर त्याने एकदाही उचललं नव्हतं. दुपट्यांचं नाव काढलं की अंगावर यायचा. "ही बायकांची कामं!"

साहेब आत पेपर वाचत होते. बाई म्हणाली, "आमच्यात कामावरून कधी भांडण नाही बघ."

कसं होणार? दोघांच्या वाटचं माझा नवरा करत होता. त्याच्या वाटचं मी.

तेव्हा भोपाळ राजधानी धरून नवा प्रांत होत होता, साहेबांची बदलीही तिकडे झालेली. आतूनच ते नवऱ्याला म्हणाले, "तू पण चल. बायकोला स्वयंपाकाला ठेवून घेऊ."

"जी हुजूर."

मला विचारलंसुद्धा नाही. लाजेने मरून जावंसं वाटलं. माझ्यापेक्षा त्याच्यासाठी.

घरी आल्यावर तो खाटेवर बसला. "पाणी आण."

मी आमच्या पोराच्या मळक्या दुपट्यांचं गाठोडं त्याच्यापुढे टाकलं. "तिथे धुता, तशी इथे धुवा. आणि मी भोपाळला येणार नाही."

"दिमाग फिरला का तुझा? नोकरी जाईल माझी!"

त्याने हात उगारला. धुण्याच्या सोड्याने पांढरा पडलेला, सुरकुतलेला हात. कीव आली मला. तरी मी जागची हलले नाही. हात तसाच खाली आला. तो उठून बाहेर जाऊन बसला.

पोर ओलं होऊन रडत होतं. मी लुगड्याचा पदर फाडला आणि त्याला कोरडं गुंडाळलं. डब्यात पीठ नव्हतं. माहेर लांब खानदेशात. ताप उतरत नव्हता. उद्या काय खाणार, कुठे जाणार, काही म्हणजे काही सुचत नव्हतं. त्याला भोपाळला जायचं तर जाऊ दे.

गाठोडं तिथेच पडलेलं. मी हात लावला नाही. लावणार नाही.