गार्डसाहेबांचा घाट

गार्डसाहेबांच्या हाती कुणाचं दाढीचं मशीन लागलं, की ते आधी चालू करून कानाला लावत. "मोटर थकलीया ह्याची," असा निकाल दिल्यावरच चहाचा कप उचलत. ते येताना दिसले, की आमच्या कळंब्याकडच्या कॉलनीतल्या बायका ताक घुसळायचं मशीन फडताळात सरकवत. उघडून बघायला मागतील, ही धास्ती.

रेल्वेशी त्यांचा संबंध तिकीट काढण्यापुरताच. नोकरी सगळी बँकेत गेली. निवृत्तीनंतर मात्र त्यांनी गच्चीवरच्या खोलीत टेबलं जोडून रूळ मांडले, बोगदा केला, प्लास्टरचा घाट उभा केला आणि वीतभर लांबीचं इंजिन आणलं. गार्डसाहेब हे नाव तेव्हाचं. इंजिनाला ते इतके डबे जोडत, की चढावर ते थरथरायचं.

"थोडे डबे कमी करा की," मी एकदा सुचवलं.

"मास्तर, माणसं अर्ध्या वाटंत उतरवू व्हय?"

एके दिवशी इंजिनातून धूर निघाला. त्या इंजिनात धुराची सोयच नव्हती.

मोटर जळाली होती. मग नवीचा शोध सुरू झाला. पोरीला स्थळ बघतानाही एवढी चौकशी केली नव्हती, असं त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, सांगत. जाडी किती, दांडा केवढा, तापते का, आवाज कसा. शेवटी कागलच्या एका लग्नात पंगतीला शेजारी खेळण्यांचा व्यापारी निघाला. गार्डसाहेबांनी नवरा-नवरी बघितलीच नाहीत. शर्यतीच्या गाडीची मोटर मात्र ठरवून आले.

ती बसवली आणि कॉलनीच्या कमिटीत उद्‍घाटन ठरलं. 'कॉलनीत रेल्वे आणल्याबद्दल अध्यक्षांचे हार्दिक अभिनंदन' असा फलक लागला. त्यावर कमिटीतले सगळे चेहरे होते, गार्डसाहेबांचा सोडून. अध्यक्षांनी भाषण करून हिरवा झेंडा हलवला. डबे जागेवरच राहिले. इंजिन एकटंच सुटलं, वळणावर वळायचं विसरलं आणि थेट अध्यक्षांच्या पोटावर आदळलं.

"लई पळतंय की वो," अध्यक्ष पोट चोळत म्हणाले.

"पळतंय," गार्डसाहेब पुटपुटले. "वढत न्हाय."

त्यानंतर ते गिअरबॉक्सच्या मागे लागले. दातेरी चाकांची ही इवलीशी डबी मोटरचा वेग कमी करते आणि ओढ वाढवते. पण जी इंजिनात मावे ती ओढेना, आणि जी ओढे ती मावेना. अखेर त्यांनी करवतीनं ड्रायव्हरची केबिन कापून जागा केली. "ड्रायवर कुठं बसणार?" मी विचारलं. "अध्यक्ष हायत की चालवायला," ते म्हणाले.

दुसऱ्या उद्‍घाटनाला गाडी सगळे डबे घेऊन निघाली, पण गोगलगायीच्या चालीनं. अध्यक्षांना कळंब्यातच आणखी एक फीत कापायची होती. "जरा पळवा की वो," ते म्हणाले.

"सायेब, घाट हाय. दमानं घेऊ दे."

गाडी अर्ध्या चढावर असतानाच अध्यक्ष गेले, पाठोपाठ कमिटी गेली. गाडी माथ्यावर पोचली तेव्हा खोलीत आम्ही दोघंच होतो. गार्डसाहेब चष्मा काढून तो उगीचच पुसत राहिले.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. दिवसकार्य आटोपल्यावर त्यांचा मुलगा खोली आवरायला वर गेला. गुडघ्यांमुळे कधी जिना न चढणाऱ्या काकूही त्या दिवशी माझा हात धरून वर आल्या. त्यांनी सांगितलं म्हणून मुलानं बटण दाबलं. गाडी घाटाला लागली.

"फारच हळू जाते गं, आई," तो म्हणाला. "वेगवान मोटर मागवतो. बाबांची आठवण म्हणून."

काकूंनी खुर्ची ओढली आणि घाटासमोर बसल्या.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "मला कुठं जायचंय?"

मुलगा घड्याळ बघत थोडा वेळ उभा राहिला. मग त्यानंही खुर्ची ओढली.