मिलनसार टिटवीचं संरक्षण

हजारो कोस उडून आमच्या माळावर उतरलेल्या पाहुण्यांना कुणीतरी हुसकावून लावलं. नाव घेत नाही. ज्यानं कुणी केलं त्याला अक्कल कमी आणि घाई फार, एवढंच म्हणते. पण ही फजिती सांगितल्याशिवाय चहा घशाखाली उतरायचा नाही, तेव्हा ऐकाच.

आमच्या गावची ई-क्लास जमीन, म्हणजे गुरं चारायचा सरकारी माळ, बीबी गावच्या रस्त्याला लागून आहे. कागदावर तिचं नाव 'पडीक'. पडीक म्हटलं की आपल्याकडे लगेच झाडं लावायची उबळ येते! वनखात्यानं तिथे रोपांसाठी खड्डे खोदायचं ठरवलं. आणि ऐन त्याच वेळी, थंडीच्या तोंडाला, मला तिथे कोण दिसावं? मिलनसार टिटवी!

आपली झोपमोड करणारी ती टिटवी नव्हे हो. ही थेट कझाकस्तानातून येते. कुळ पाणथळीतल्या पक्ष्यांचं, पण हिला हवा कोरडा, उघडा माळ. डोक्यावर काळी टोपी, टोपीखाली पांढरी भुवई, आणि चाल बांधावर पाहणीला आलेल्या साहेबासारखी. पळायचं, थांबायचं, वाकायचं, किडा उचलायचा. साऱ्या जगात थोड्याच उरल्यात. मी बुलढाण्याला प्राणिशास्त्र शिकलेली. मी गप्प बसणार?

वनखात्याच्या साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "रविवारी येतो. पक्षी डोळ्यांनी दिसले, तर खड्डे शेजारच्या गावच्या माळावर नेऊ."

म्हणजे रविवारपर्यंत टिटव्या टिकवायच्या. काम एवढंच.

त्याच संध्याकाळी मी ग्रामपंचायतीसमोर भाषण ठोकलं. "या पक्ष्याला उंच गवत चालत नाही. चरून चरून बुटकं झालेलं लागतं. मेंढरांच्या पायांनी उठलेले किडे हे त्याचं जेवण!" टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांच्या भरात मी पुढचं वाक्य म्हणाले, "म्हणून आजपासून माळावर एकही मेंढरू नको!"

दोन्ही वाक्यं पुन्हा वाचा. मी वाचली नव्हती, नुसती बोलून मोकळी झाले होते.

सरपंच सुमनकाकू म्हणाल्या, "काऊन वं पोरी? आत्ताच तं तू म्हनली..."

"काकू, प्रश्न शेवटी."

शेवटी मी प्रश्न घेतलेच नाहीत. मला घाई होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढपाळ नामदेवमामांना गाठलं.

"मामा, मेंढरं हलवा. पाखरांना त्रास होतो."

"त्याईले काय तरास? मले पाहून जागचे हालत बी नाही ते."

"तेच तर! भीतीनं गोठलेत बिचारे."

मामांनी एकदा टिटव्यांकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "बरं बाप्पा. पल्याडच्या गावातून बलावनं आलंच हाये, वावरात मेंढरं बसवाले. लेंडीखत भेटते त्याईले. रातच्याला वावरात बसवतो, दिवसा त्याईच्या माळावर चारतो."

कळप गेला. दुपारी टिटव्या कमी दिसल्या. मी म्हटलं, संरक्षण कमी पडतंय! मग गाई बंद केल्या. टिटव्या आणखी कमी झाल्या. मग पोरांचं क्रिकेट बंद, मोटरसायकली बंद. 'शांतता राखा' अशी पाटी रोवली. सुमनकाकूंचं सकाळचं फिरणंसुद्धा बंद केलं. शनिवारी माळ परीक्षेच्या वर्गासारखा शांत झाला होता. टिटवी एकही नव्हती.

रविवारी जीप आली. साहेबांनी दुर्बीण लावली.

"कुठे आहेत?"

"समोरच असतील साहेब. यांचा रंग मातीत मिसळतो. ती बघा, बसलेली!"

साहेबांनी बराच वेळ पाहिलं. "ते ढेकूळ आहे."

मी हरले नाही. "जीपमध्ये बसून बोलू," म्हणत आतच शिरले आणि गवताळ माळाचं महत्त्व सांगायला लागले. शेजारच्या गावची शीव आली आणि जीप थांबली. रस्त्यात मेंढरं होती. नामदेवमामांनी लांबूनच हात केला. "पाह्य पोरी, हालवले न मेंढरं?"

हो, मेंढरं हलवली होती. आणि मेंढरांच्या मागे, रस्त्याकडेच्या माळावर, साऱ्या टिटव्या होत्या. पळत होत्या, थांबत होत्या, वाकत होत्या. मिलनसारच त्या!

साहेब हरखून खाली उतरले. मनसोक्त फोटो काढले. मग म्हणाले, "ठरलं. हा माळ राखायचा. खड्डे तुमच्याकडेच."

"साहेब, हे आमचे पक्षी आहेत!"

"मग इथे कसे?"

मला एकदम खोकला आला. उत्तर मामांनी दिलं, अगदी कौतुकानं. "या पोरीनंच धाडलं न आमाले इकडं! अन् तिकडं मांगं लय बंदोबस्त केला म्हनते पाखराईसाठी."

तोवर तोंडातून शब्द न काढलेला साहेबांचा ड्रायव्हर माझ्याकडे वळला, अगदी अदबीनं.

"ताई, आमच्या जळगाव जामोदकडं रानडुकरं लय मातले. एकडाव येऊन त्याईचं बी संरक्षण करून द्या न."