भांडण न करता माहेरी

माझं आणि ह्यांचं भांडण झालेलं नव्हतं. हे मी आधीच सांगून टाकते. तेव्हाही आधीच सांगितलं होतं, पण कुणी ऐकेल तर शपथ!

ऐंशी सालानंतरची गोष्ट. आम्ही नाशकात गंगापूर रोडला राहायचो. हे शाळेत मास्तर, मी एका ऑफिसात कारकून. मे महिन्यात ह्यांना सुट्टी, दोन्ही पोरांना सुट्टी, आणि तिघांनाही दिवसभर भूक! सकाळी सगळं रांधून मी ऑफिसला जायचे, संध्याकाळी चप्पल काढायच्या आत "आई, आता काय खायचं?" एका रविवारी मी लाटणं खाली ठेवलं आणि जाहीर केलं, "चार दिवस रजा टाकून मी सायखेड्याला माहेरी चाललेय. एकटी. मला फक्त झोपायचंय."

"जा की!" हे म्हणाले. इतक्या आनंदानं म्हणाले, की मला जरा रागच आला. (पण हे भांडण नव्हे!)

आता आमच्याकडची रीत अशी, की लेकीला माहेरी न्यायला बाप नाहीतर भाऊ मुराळी म्हणून येतो. तेही नाही तर नवरा पोराबाळांसकट पोचवायला येतो. मी आपली एक पिशवी घेऊन एसटीतून एकटीच उतरले. पारावरची चार डोकी वळली. माझ्याआधी बातमी घरी पोचली होती.

आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि माझ्यामागे रस्त्यावर बघितलं.

"जावई? पोरं?"

"नाशकात."

"काय झालं गं माय?"

"काही नाही. झोपायला आले."

आईनं तोंडाला पदर लावला. मी आत जाऊन आडवी झाले, आणि तिथंच चुकले. उठून बघते तर ओसरीवर अर्धी गल्ली!

"आल्या आल्या झोपली. रातभर रडली असंल."

मी हसून म्हटलं, "अहो, रडू कशाला? मजेत आहे मी!"

एक म्हातारी हळहळली, "लय सोसलंय पोरीनं. हसून दाखवती!"

जेवायला बसले. भूक लागली होती, तीन भाकरी खाल्ल्या. "बगा, पोटाला बी घालत नसंल!" म्हणून चौथी नको म्हटलं. "बगा, घास बी उतरंना!"

मग आले आप्पा, माझे चुलते. पंचक्रोशीतले रुसलेले नवरा-बायको समजावून एकत्र आणण्यात त्यांचा हातखंडा. सगळ्यांना तसं वाटायचं, निदान आप्पांना तरी.

"काळजी करू नको, मी हाय."

"आप्पा, अहो, भांडणच नाही!"

"समद्या आसंच म्हनत्यात," म्हणून त्यांनी टोपी घातली आणि दुपारच्या गाडीनं नाशिक गाठलं. संध्याकाळी ह्यांना आणि दोन्ही पोरांना घेऊन हजर!

एसटीत आप्पांनी ह्यांना काय काय सुनावलं देव जाणे. चेहरा पार उतरलेला. मला वाटलं, बरं झालं, आता हेच सांगतील की काही झालेलं नाही. हे ओसरीवर सगळ्यांसमोर उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "चुकलो मी!"

"कशात चुकलात?" मी विचारलं.

"तुला सगळं कळलंय ना? रविवारी सकाळी मी फिरायला जात नाही. मिसळ खायला जातो."

"काय? आणि मी पोहे झाकून वाट बघते ती?"

"तुझी शिवणाची कात्रीही मीच मोडली. पत्रा कापायला घेतली होती."

"त्या कात्रीपायी मी थोरल्याला बदडलं होतं!"

"मी सांगत होतो, आई!" थोरला म्हणाला.

"आणि तुझ्या भावाच्या लग्नात मला ताप नव्हता. रेडिओवर टेस्ट मॅच चालू होती."

हे माझ्या माहेरच्या ओसरीवर! त्या लग्नात मी सगळ्यांना ह्यांच्या तापाचे आकडे सांगत फिरले होते! मग मात्र आमचं असं काही जुंपलं, की अकरा वर्षांच्या संसाराची कसर भरून निघाली. आप्पा खांबाला टेकून समाधानानं म्हणाले, "बगा! म्हनं भांडन नाय!"

सकाळी मी पिशवी उचलली. "मी चालले नाशकाला! एकटी! कुणी मागे यायचं नाही!" कुणी आलंही नाही. ह्यांना आईनं पुरणपोळीसाठी ठेवून घेतलं, पोरं गोदावरीतून बाहेर निघेनात. आप्पा मात्र गावभर सांगत सुटले, "पोर नांदाया गेली!"

घराचं कुलूप उघडलं. आत कुणी नाही. "आई" म्हणून हाक नाही, पसारा नाही. मला अक्षरशः गहिवरून आलं! चटई टाकतेय तोच शेजारच्या काकू दारात.

"अगंबाई, एकटीच? काल मास्तर पोरांना घेऊन एका म्हाताऱ्या गृहस्थांबरोबर घाईघाईनं गेले. माझ्याकडे बघितलंही नाही. तुला टाकून गेले की काय गं?"

मी तोंड उघडलं. मुराळी, मिसळ, कात्री, सगळं खरं खरं सांगणारच होते, देवाशपथ! पण काकूंच्या हातात झाकलेलं ताट होतं आणि त्यातून आमरसाचा वास येत होता.

मी पदर डोळ्यांना लावला.

पुढचे तीन दिवस दोन्ही वेळचं ताट दारात आलं. मी जेवले आणि झोपले. तेव्हापासून काकू ह्यांच्याशी कधी धड बोलल्या नाहीत. "मी त्यांचं काय घोडं मारलंय?" असं हे विचारत राहायचे. बिचाऱ्यांची मला खरंच दया यायची. काकूंना खरं काय ते सांगून टाकायचं मी दरवर्षी ठरवायचे, पण दरवर्षी नेमका तेव्हाच मे महिना तोंडावर आलेला असायचा!