एक वाजताची नोंद

भाईदास आप्पा बावीस वर्षं म्हसावदच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला, भूकंपमापन केंद्रात नोंदी ठेवतात. एक खोली, एक यंत्र, जाळीची एकच खिडकी. धक्का आला की लिहायचं, भूकंप की स्फोट. पहिली लाट जोरकस आणि मागची दुबळी असली तर बहुधा सुरुंग. मागची मोठी असली तर भूकंप. शेजारची दगडखाण तीन वर्षं रोज जेवणाच्या सुट्टीत, एक वाजता, सुरुंग उडवायची. म्हणून त्या वेळचा धक्का आप्पा आलेख न बघताच 'स्फोट' लिहून मोकळे होत.

होळीच्या आधी एक वाजता असाच एक धक्का बसला आणि खाणीलगतच्या गावातल्या फुलवंताबाईंच्या घराची भिंत उभी फाटली. आप्पांनी सवयीने 'स्फोट' लिहिलं; गावाने तक्रारीला त्यांच्या एक वाजताच्या सगळ्या नोंदी जोडल्या आणि खाण बंद झाली.

आठवड्याने खाणीतला मजूर दिवाल्या दारात उभा राहिला.

"आप्पा, त्या दिवशी सुरुंग तू लावला का?"

"काय बोलतोस?"

"होळीआधीचा भोंगऱ्याचा बाजार होता. आम्ही सगळे तिथे ढोल वाजवत होतो. खाणीवर कुत्रं नव्हतं. आता घरी बसलो."

तो गेल्यावर आप्पांनी आलेख उघडला. मागची लाट पहिलीच्या तिप्पट होती. भूकंपच.

ते दुरुस्ती लिहीत होते, तेवढ्यात फुलवंताबाई ताक घेऊन आल्या.

"भाऊ, तुन्हामुळे खाण बंद व्हयनी. तीन वरीसमा आते कुठे भांडा वाजाना थांबनात."

"बाई, त्या दिनले खाण बंदच व्हती. तो भूकंप शे."

त्यांनी ताक टेबलावर ठेवलं. "आनि बाकीना दिन?"

आप्पांनी दुरुस्ती लिहून संपवली. ती वरच्या कार्यालयात पाठवली. दुपारी साहेबांचा फोन आला.

"भाईदास, एक वाजताच्या बाकीच्या नोंदी तरी आलेख बघून केल्यात ना?"

हो म्हटलं तर खोटं. नाही म्हटलं तर गावाच्या तक्रारीला जोडलेला एकूण एक कागद निकामी. 

"नाही साहेब. पण आलेख सगळे आहेत. एकेक परत बघतो."

"किती दिवसांत? तुमच्या दुरुस्तीवरून खाण सोमवारी सुरू होतेय."

आप्पांनी संगणकाच्या पडद्यावरची नोंदींची यादी खाली सरकवली. तीन वर्षांच्या दुपारी. यादी सरकतच राहिली.