फॉरेस्ट सर

केशोरीच्या शाळेत ‘फॉरेस्ट’चा अर्थ ‘जंगल’ लिहिला की आमचे इंग्रजीचे सर त्यावर लाल फुली मारायचे. गाईडमध्ये तोच अर्थ छापलेला असला तरी. म्हणून मुलांनी त्यांचं नावच फॉरेस्ट सर पाडलं.

“झाडं असली का जंगल,” ते म्हणायचे. “फॉरेस्ट अलग. लॅटिनमध्ये त्याच्या मूळ शब्दाचा अर्थ ‘बाहेर’. राजानं शिकारीसाठी रान राखलं, बाकीच्यायले मना केलं, ते फॉरेस्ट. मंग तिथं झाड नसलं तरी चालते. अन् फॉरेन त्याचाच भाऊ.” आम्ही हसायचो. आमच्याकडे फॉरेस्ट म्हणजे खाकी कपड्यातला माणूस. ‘फॉरेस्ट आला’ ऐकलं की बाया मोळ्या टाकून पळायच्या.

सर गोंड. त्यांचं गाव अभयारण्यात गेलं आणि माणसं सडक अर्जुनीजवळ हायवेच्या कडेला आणून बसवली. त्यांच्या आईला ते कधी पटलंच नाही. मोहफुलं पडायला लागली की ती पहाटे उठून जुन्या गावाची वाट धरायची. एकदा तिची टोपली जप्त झाली. सर वनखात्याच्या कार्यालयात गेले, चांगल्या इंग्रजीत बोलले. साहेब म्हणाला, “आप तो पढ़े-लिखे हो. माँ को समझाओ.” त्यानंतर सर तिथं कधी इंग्रजी बोलले नाहीत.

आई एका उन्हाळ्यात गेली. जुन्या गावात नवऱ्याशेजारी मातीत ठेवा, एवढंच तिनं मागितलं होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तिला घेऊन आम्ही अभयारण्याच्या गेटवर पोचलो. गेटवरचा गार्ड माझ्याच वर्गातला.

“सर, वरून परवानगी नाही. माझी नोकरी जाईल.”

“घरी जायले परवानगी कायले लागते, बाबू?”

 त्यानं गेट उघडलं नाही. ऊन चढत होतं. शेवटी ट्रॅक्टर वळवला. म्हातारीला वस्तीमागं पुरलं. सर माती लोटत होते आणि पलीकडून ट्रक जात होते.

आता सर निवृत्त आहेत. मागच्या उन्हाळ्यात म्हणाले, “एकदा घेऊन चाल.” मी मोटारसायकलवर नेलं. गेटवर नवा, बाहेरचा पोरगा होता. त्यानं विचारलं, “कौनसे गाँव के हो, चाचा?”

सरांनी गेटच्या आत बोट दाखवलं.

“अंदर तो कोई गाँव नहीं है,” तो म्हणाला. अगदी सरळपणे, माहिती द्यावी तसा.

सरांनी हात खाली घेतला. मला म्हणाले, “चाल, फिरव गाडी.”